बक्षीस देणाऱ्यांचे चेहरे

चांगदेवराव उबाळे आमच्या मंडळात पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी हॉलच्या दारातच चपला काढल्या. आम्ही कुणी काढत नाही. वर्तकनगरातल्या एका सोसायटीचा हॉल तो, फरशीवर मागच्या बारशाच्या टिकल्या अजून पडलेल्या. मी म्हटलं, "अहो, राहू द्या." ते म्हणाले, "गाणं आहे ना?" आणि अनवाणीच आत जाऊन शेवटच्या रांगेत बसले.

मंडळ म्हणजे आम्ही दहा-पंधरा पेन्शनर. महिन्यातल्या एका रविवारी दुपारी आम्ही गाण्याबजावण्याचे सिनेमे बघतो, देशोदेशीचे. कधी कुणा गायिकेच्या आयुष्यावरचा, कधी नुसती मैफलच चित्रित केलेली. आधी आमचे अध्यक्ष गुरुदत्त वैद्य भाषण करतात. सिनेमा कितीही छोटा असो, भाषण छोटं होत नाही. मग सिनेमा, मग चहा आणि खारी, आणि मग गुरुदत्त प्रत्येकाला "आपली प्रतिक्रिया?" विचारत फिरतात. त्या वेळी सगळ्यांना घरची कामं आठवतात.

चांगदेवरावांना तिथे मी ओढून आणलं होतं. मी आसावरी. कल्याणच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये माझी सगळी नोकरी झाली आणि त्यातली बरीच वर्षं माझ्या शेजारच्या खुर्चीवर त्यांची बायको, नीला बसायची. दिवसभर कानाला हेडफोन लावून लोकांना "लाइन बिझी आहे" सांगणारी ही बाई एप्रिल उजाडला की भीमगीतांच्या कार्यक्रमांतून गायची. शहाड, उल्हासनगर, कोपरी, भिवंडी. जयंतीचे कार्यक्रम सुरू झाले की पावसापर्यंत तिला उसंत नसे. सकाळी बसलेला घसा घेऊन ड्युटीवर यायची आणि माझ्याकडून सुंठ मागायची. मला कार्यक्रमाला न्यायची तेव्हा दरडावायची, "मागं बसून नाकं मुरडायची नाहीत. पुढं बसायचं." मी पुढे बसायचे. एरवी माझी नाकं मुरडायची सवय तिला चांगली ठाऊक होती, पण तिच्या गाण्याला मी कधी नाव ठेवू शकले नाही.

चांगदेवराव शहाडच्या एका कारखान्यात फिटर होते. सुटीच्या वेळात व्हिडिओ शूटिंग करायचे. लग्नं, हळदी, बारशी, आणि बायकोचे कार्यक्रम. बायको स्टेजवर आणि नवरा खांद्यावर कॅमेरा घेऊन खाली, असा त्यांचा संसार अर्धा मैदानातच झाला. मग नीलाचं थायरॉइडचं ऑपरेशन झालं आणि तिचा आवाज गेला. बोलण्यापुरता परत आला, गाण्यापुरता नाही. तेव्हा लोकांच्या फोनला कॅमेरे नव्हते, त्यामुळे गाणारी नीला होती ती फक्त चांगदेवरावांच्या कॅसेटींत. त्या माळ्यावर गेल्या. परवाच्या दिवाळीआधी हार्टचं निमित्त झालं आणि नीलाही गेली.

काही महिन्यांनी त्यांच्या मुलीचा, वैशालीचा मला डोंबिवलीहून फोन आला. "मावशी, पप्पा काहीच करत नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे रडत नाहीत, चिडत नाहीत. ताट वाढलं तर जेवतात. नाही वाढलं तर विचारत पण नाहीत."

मी शहाडला गेले. त्यांनी दार उघडलं, चहा केला, समोर बसले. टीव्ही बंद होता आणि ते त्या बंद टीव्हीकडे बघत होते. मला सांत्वन जमत नाही, लोकांनी केलेलं ऐकवतही नाही. मी सरळ म्हटलं, "येत्या रविवारी वर्तकनगरला यायचं. सिनेमा आहे." ते म्हणाले, "येतो." मी त्यांना उल्हास नदीत उडी मारायला बोलावलं असतं तरी ते त्याच आवाजात "येतो" म्हणाले असते, असं मला तेव्हा वाटलं.

पहिला सिनेमा पोर्तुगालचा होता. लिस्बनमधली एक जुनी खानावळ आणि तिथे उभ्याने गाणारी एक पोक्त बाई. काळी शाल, मागे दोन गिटारवाले. गाणं अर्ध्यात आलं तेव्हा कोपऱ्यातला एक माणूस उठला, टेबलावर काही नोटा ठेवल्या आणि बाहेर गेला. ते सगळं कडेला, अंधुक दिसलं. कॅमेरा बाईच्या चेहऱ्यावरून हलला नाही. चहाच्या वेळी गुरुदत्तांनी नव्या सभासदाला गाठलं. "आपली प्रतिक्रिया, उबाळे?"

"तो माणूस कोण, ते दाखवलंच नाही," चांगदेवराव म्हणाले.

"कोण माणूस?"

"पैसे ठेवून गेला तो."

सगळे हसले. चांगदेवराव हसले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "कॅमेऱ्याने तोंड सोडलं नाही तिचं. शेवटपर्यंत." गुरुदत्तांनी ताबडतोब हे सूक्ष्म निरीक्षण असल्याचं जाहीर केलं आणि त्यावर आणखी बोलले.

मग ते दर महिन्याला येऊ लागले. आम्ही जॉर्जियातले जेवणाच्या टेबलाभोवती बसून गाणारे पुरुष बघितले. नदीकाठी तंतुवाद्य वाजवणारे आफ्रिकेतले बाप-लेक बघितले. एक मंगोलियन गवई बघितला, एकाच गळ्यातून दोन आवाज काढणारा. त्याच्या वेळी आमच्या मंडळातल्या बायका तोंडाला पदर लावून खुसखुसत होत्या. मी पडद्यापेक्षा चांगदेवरावांकडेच जास्त बघत असे. ते टक लावून बघत, पण त्यांना काही होत नसे. एकदा बाहेर पडताना मी विचारलं, "आवडतं का तरी?"

"काय माहीत, ताई. आवाज येतो. आत काय जात नाही."

"मग येता कशाला?"

"बघायला." मग म्हणाले, "हे लोक एवढा वेळ गाणाऱ्याच्याच तोंडावर कॅमेरा ठेवतात. पब्लिकमधून कोण ओरडत नाही का ह्यांना?"

"ओरडेल कशाला कुणी?"

ते वाकून चपला घालू लागले. त्यांना काय म्हणायचंय, ते मला तेव्हा कळलं नाही.

ऑक्टोबरात वार्षिक कार्यक्रमाची चर्चा निघाली. गुरुदत्त म्हणाले, "जगभरचं संगीत आपण पाहिलं. आपल्या जिल्ह्याचं काय?" मी म्हटलं, नीलाच्या कॅसेटी आहेत. सगळ्यांनी शेवटच्या रांगेकडे बघितलं.

"आहेत," चांगदेवराव म्हणाले. "माळ्यावर. वैशालीला सांगतो, कॉम्प्युटरवर घेऊन देईल."

त्या दिवशी ते चहा झाल्यावरही थांबले. मी कप गोळा करत होते. ते जवळ आले आणि म्हणाले, "बरं झालं तुम्ही विषय काढला. मला पण बघायचीय ती. गाताना कशी दिसायची ते मला आठवतच नाही."

मला वाटलं, दुःखात माणूस असं काहीबाही बोलतो. पण ते दुःखात असल्यासारखे बोलतच नव्हते. नळाला पाणी नाही हे सांगावं तसं सांगत होते. "घरातली आठवते. भाजी निवडताना, माझ्याशी भांडताना. हॉस्पिटलातली तर डोळ्यांपुढनं जात नाही. पण स्टेजवरची नाही आठवत. रात्री पडल्या पडल्या लई प्रयत्न करतो. आवाज येतो, तोंड येत नाही."

"अहो, एकूण एक कार्यक्रमाला तुम्ही हजर होतात."

"होतो ना. शूटिंग करत होतो."

वैशाली बँकेत आहे, कामाची आहे. तिने कॅसेटी एका दुकानातून उतरवून आणल्या आणि एका शनिवारी आम्हाला डोंबिवलीला घरी बोलावलं. टीव्हीला पेनड्राइव्ह लावला. चांगदेवराव सोफ्याच्या कडेला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले.

पहिली कॅसेट कोपरीच्या मैदानातली. जयंती मंडळाचा बॅनर दिसला, पंचशील ध्वज, हारतुरे, समितीचे लोक एका रांगेत. ढोलकी सुरू झाली, बेंजो सुरू झाला. लांबून स्टेज दिसलं, त्यावर पांढऱ्या साडीतली नीला, अंगठ्याएवढी, तोंडापुढे भलामोठा माइक. मग तिचा आवाज आला. मला हुंदका फुटला, खोटं कशाला बोलू. इतक्या वर्षांनी तो आवाज, तोही भरलेला, ऑपरेशनच्या आधीचा.

आणि लगेच निवेदकाचा आवाज आला, "आपल्या वॉर्डातले पंढरीभाऊ यांच्याकडून गायिका नीलाताईंना बक्षीस, जोरदार जयभीम!" कॅमेरा गर्रकन वळला. पब्लिकमधून एक माणूस उठला. खिशातून नोट काढली, केसांवरून हात फिरवला, लोकांतून वाट काढत स्टेजपाशी गेला. नोट वर धरली. फ्रेममध्ये वरून एक हात आला, बांगड्यांचा, नीलाचा. त्या हाताने नोट घेतली. माणूस वळला, कॅमेऱ्याकडे बघून हसला आणि जागेवर जाऊन बसेपर्यंत कॅमेरा त्याच्याबरोबर गेला. तो बसतोय तोच दुसरं नाव. मग तिसरं. गाणं संपलं.

"पुढचं लाव," चांगदेवराव म्हणाले.

पुढच्यातही तेच. त्याच्या पुढच्यातही. ते प्रत्येकाला ओळखत होते. "हा भिवा, लाकडाच्या वखारीतला. ही रंगूबाई, भाजी विकायची शहाडला, दर कार्यक्रमाला द्यायचीच. हा गुणाजी, ह्याला नोट दाखवायची लई हौस." नीलाचा आवाज चढत होता, तान घेत होता, शब्द फेकत होता, मागून कोरस उचलत होता. आणि पडद्यावर लोक खिशात हात घालत होते.

शेवटी वैशालीने रिमोट खाली ठेवला. "पप्पा, आई कुठेय?"

"आवाज येतोय ना."

"आवाज नको मला. आई कुठेय? ती गात होती ना तिथे? तुम्ही सगळ्या गावाचं शूटिंग केलं आणि तिचं एक पण नाही?"

चांगदेवराव शांतपणे सांगायला लागले. कॅसेट विकत घेणार कोण? बक्षीस देणारा. स्वतः दिसला तर घेणार. नाव पुकारलं की कॅमेरा त्याच्यावर न्यायचा, तो बसेस्तोवर सोडायचा नाही, हा व्हिडिओवाल्याचा नियम. तो चुकला तर माणूस भर मैदानात ओरडतो, "ए व्हिडिओवाला, इकडं!" आणि पुढच्या वर्षी मंडळ दुसऱ्याला बोलावतं. "बक्षीस थांबलं की मी स्टेजवर यायचोच," ते म्हणाले. "पण हिच्या गाण्याला बक्षीस थांबायचंच नाही."

हे ऐकून आपला राग कुठे ठेवावा ते वैशालीलाच कळेना. दुसऱ्या गायिका या कॅसेटींत होत्या. बेताच्या गाणाऱ्या, कुणी फारसं बक्षीस न दिलेल्या. त्या पूर्ण दिसत होत्या. कडव्यामागून कडवं, अगदी नाकातल्या चमकीसकट. नीला चांगली गायची म्हणून नीला नव्हती.

"एक आहे," चांगदेवराव अचानक म्हणाले. "मला कावीळ झालेली त्या वर्षी. शहाडचा कार्यक्रम दुसऱ्याने शूट केलेला." आम्ही ती शोधून लावली. बॅनर, ढोलकी, अंगठ्याएवढी नीला, पहिलं नाव पुकारलं आणि कॅमेरा वळला.

"माझाच शिकवलेला होता तो," चांगदेवराव म्हणाले.

वैशाली उठून आत गेली. आतून नळ सोडल्याचा आवाज आला, बराच वेळ. चांगदेवराव टीव्हीकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर ना वाईट वाटलेलं दिसत होतं, ना आणखी काही. मला त्यांचा राग आला आणि रागाची लाजही वाटली. एवढ्या वर्षांत या माणसाने बायकोकडे बघितलंच नव्हतं, आणि तेही तिचे कार्यक्रम चालू राहावेत म्हणूनच.

गुरुदत्तांनी नमुना बघितला आणि चष्मा काढला. "आसावरीबाई, यात गायिका कुठे आहे? आपल्या श्रोत्यांना हे विचित्र वाटेल. रद्द करू या."

"मग त्या वेळात काय, तुमचं भाषण?" मी म्हटलं. कार्यक्रम रद्द झाला नाही.

वैशालीने शहाड-कोपरीच्या कुठल्या कुठल्या ग्रुपवर निरोप टाकला होता. डिसेंबरच्या त्या रविवारी हॉलच्या दारात चपलांचा ढीग लागला. आमच्या खुर्च्या पुरल्या नाहीत, बायका पुढे सतरंजीवर बसल्या. गुरुदत्तांनी समोरची गर्दी बघून भाषण दोन वाक्यांत आटोपलं, हा चमत्कार आम्ही सभासदांनी डोळ्यांनी पाहिला. चांगदेवराव मागे लॅपटॉपपाशी बसले.

गाणं सुरू झालं. पहिलं नाव पुकारलं, पंढरीभाऊ उठले, केसांवरून हात फिरवला. तोच सतरंजीच्या मागून एक पोक्त माणूस ओरडला, "आण्णा!" आणि मग त्याला पुढे काही बोलताच येईना. त्याचे वडील जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. घरात त्यांचा एक फोटो आहे, तोही रेशनकार्डावरून मोठा केलेला. आणि इथे ते चालत होते, गर्दीतून वाट काढत होते, हसत होते. मागाहून रंगूबाई आली. तिची मुलगी उठून थेट पडद्यापाशी गेली. प्रोजेक्टरचा उजेड तिच्या पाठीवर पडला, कुणी "खाली बस" म्हटलं नाही. तिने आईच्या गालाला हात लावला. "माझी आई चाललेली मला आठवतच नव्हती ओ," ती वळून सगळ्यांना सांगत होती, "अंथरुणावरचीच आठवायची." मग प्रत्येक नावाला कुणी ना कुणी उठायला लागलं. निवेदकाने तिकडून जयभीम म्हटलं की हॉलमधून जयभीम यायचं. लोक रडत होते, टाळ्या वाजवत होते, "परत दाखवा" म्हणत होते. चांगदेवराव थांबवत होते, मागे नेत होते, परत दाखवत होते.

आमच्या मंडळाने जगातले इतके सिनेमे बघितले, पण त्या हॉलमध्ये असं कधी झालं नव्हतं. मीही रडले. नीला दिसत नाही अशी तक्रार एकानेही केली नाही. त्यांना आवाज पुरत होता, कारण समोर त्यांची स्वतःची माणसं होती. त्या एवढ्या माणसांत आपलं माणूस न मिळालेला एकटा शेवटच्या रांगेत बसला होता आणि सगळ्यांच्या सांगण्याप्रमाणे बटणं दाबत होता.

संपल्यावर लोकांनी त्यांना घेरलं. आमच्या बाबांचा तेवढा तुकडा द्या, आमच्या आईचा द्या. कुणी पाया पडायला वाकलं. ते प्रत्येकाला "देतो, वैशालीला नंबर द्या" म्हणत होते. हळूहळू हॉल रिकामा झाला. वैशाली खाली रिक्षा बघायला गेली. मी खुर्च्या एकावर एक रचत होते, चांगदेवराव वायर गुंडाळत होते.

"ताई," ते मान वर न करता म्हणाले, "तुम्ही पुढच्या रांगेत बसायचात ना तिच्या कार्यक्रमाला?"

"हो. तीच बसवायची."

"मग तुम्ही बघितलीय तिला." वायरीचा वेढा सुटला, तो त्यांनी परत घेतला. "गाताना ती डोळे मिटायची का?"

माझ्या हातातली खुर्ची हातातच राहिली. हो म्हणून मोकळं होता आलं असतं. मिटायची, अगदी तल्लीन व्हायची, असं म्हटलं असतं तर त्यांनी तेवढं उरापाशी धरून रात्र काढली असती. पण मला आयुष्यात गोड बोलणं जमलेलं नाही, आणि नीलाच्या बाबतीत तर खोटं बोलवेना.

"नाही," मी म्हटलं. "उघडे असायचे."

"कुठं बघायची? पब्लिककडं?"

"नाही हो. तुमच्याकडे. तुम्ही कॅमेरा घेऊन जिकडे जाल तिकडे."

ते वायर गुंडाळायचे थांबले. खाली रिक्षाचा हॉर्न वाजला, वैशालीने हाक मारली. ते उठले नाहीत. नीला गेल्यापासून पहिल्यांदाच त्यांचा चेहरा हलताना मी बघितला. आधी ओठ, मग हनुवटी.

"सबंध गाणंभर?" त्यांनी विचारलं.

"सबंध गाणंभर," मी म्हटलं.